विक्रीस न काढलेली गाणी

२२ जून १९८८ रोजी जपानमधील वृत्तपत्रांत एक चमत्कारिक जाहिरात झळकली. तोशिबा-ईएमआय या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या मोठ्या कंपनीने ती दिली होती. 'आरसी सक्सेशन' या वाद्यवृंदाची एक छोटी तबकडी आणि 'कव्हर्स' नावाचा एक गीतसंग्रह यांचा उल्लेख करून तीत कळविले होते की, या कृती फारच उत्तम असल्यामुळे त्या विक्रीस काढता येत नाहीत. याहून अधिक खुलासा नव्हता.

सरकारी कचेरीत टिपणे आणि पत्रांचे मसुदे लिहिण्यात माझी दहा-बारा वर्षे गेली. नकार कसा कळवावा, हे आम्हां कारकुनांना निराळे शिकवावे लागत नाही. 'आपल्या अर्जाचा सहानुभूतिपूर्वक विचार करण्यात आला, तथापि' एवढे लिहिले की पुढचे वाक्य लेखणी आपोआप पुरे करते. परंतु वस्तूचा उत्तमपणा हेच नकाराचे कारण म्हणून नोंदविलेले मी कोणत्याही टिपणात वाचलेले नाही. म्हणून त्या जाहिरातीमागचा इतिहास शोधावा असे वाटले. आणि तो शोधता शोधता त्या गायकाची गाणीच माझ्या आवडीची होऊन बसली.

इमावानो कियोशिरो हे त्या गायकाचे नाव. जन्म २ एप्रिल १९५१, तोक्योत. तीन वर्षांचा असतानाच त्याची आई वारली आणि मावशीने त्याला दत्तक घेऊन वाढविले. तोक्योच्या पश्चिमेकडील कुनिताची या उपनगरात त्याचे बालपण गेले. शाळासोबत्यांना घेऊन त्याने 'आरसी सक्सेशन' स्थापन केला आणि १९७० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या आत, त्याची पहिली तबकडी निघाली. पुढे जपानी लोक त्याला रॉक संगीताचा राजा म्हणू लागले.

माझी त्याच्याशी ओळख झाली ती दिल्लीत, जपानी भाषेच्या सायंकालीन वर्गात. कान तयार व्हावा म्हणून आमच्या शिक्षिकेने एके दिवशी १९७२ सालचे एक गाणे ऐकविले. त्याच्या नावाचा अर्थ 'माझे आवडते गुरुजी'. शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकावर ते रचलेले आहे. हे गुरुजी शिक्षकांच्या खोलीत रमत नाहीत. चित्रशाळेत एकटेच सिगारेट ओढत बसतात आणि मुलांना फारसे रागावत नाहीत. गुरुमहिमा गाण्याची आपली परंपरा फार मोठी. पण ज्याच्या अंगी महिमा असा काहीच नाही, अशा गुरूवर इतक्या मायेने लिहिलेले गाणे मी प्रथमच ऐकत होतो. शब्द सोपे, उच्चार स्वच्छ. भाषा नुकतीच शिकू लागलेल्या मला ते जवळजवळ सगळे समजले, याचा तेव्हा कोण अभिमान वाटला होता!

हा स्वच्छ उच्चार ही सामान्य गोष्ट नव्हती. १९७० च्या आसपास जपानी रॉक गायकांत एक मोठा वाद चालू होता. रॉक हे परदेशी संगीत; त्याच्या ठेक्यात जपानी भाषा बसत नाही, तेव्हा ते इंग्रजीतच गावे, असा एक पक्ष होता; आपल्या भाषेतच गाऊ म्हणणारा दुसरा. कियोशिरोने या वादाचे उत्तर गाऊनच दिले. तो एकेक अक्षर सुटे करून, ठासून म्हणत असे. परका ठेका आणि घरची भाषा दोन्ही त्याच्या गळ्यात सुखाने नांदत. परप्रांतात राहून घरची भाषा जपणाऱ्या आपल्यासारख्यांना या गोष्टीचे मोल सांगावयास नको.

त्याची गाणी अडण्याची परंपराही जुनी आहे. 'सिंगल मॅन' या संग्रहाचे मुद्रण १९७४ मध्ये झाले, परंतु तो बाहेर पडावयास १९७६ साल उजाडले. आणि थोड्याच काळात तो दुकानांतून नाहीसाही झाला. त्यात 'स्लो बॅलड' नावाचे गाणे आहे. नगरपालिकेच्या मैदानाशेजारी उभ्या केलेल्या मोटारीत दोन तरुण जीव एका ब्लँकेटखाली रात्र काढीत आहेत आणि रेडिओवर एक संथ गीत चालू आहे. एवढाच त्याचा विषय. घर नाही, पैसा नाही, उद्याची खात्री नाही. तरी त्या गाण्यात तक्रारीचा सूर नाही. ज्यांनी ते एकदा ऐकले होते त्यांना ते विसरता येईना. चाहत्यांनी समिती स्थापून संग्रह पुन्हा काढण्याची मागणी लावून धरली, आणि काही वर्षांनी तो खरोखरच पुन्हा निघाला. अडलेले गाणे श्रोत्यांनी सोडवून आणल्याचा हा पहिला प्रसंग.

१९८० साल त्याच्या भाग्योदयाचे. चेहऱ्यावर भडक रंग, उभे केलेले केस, हाती विजेची गिटार, असा तो आता रंगमंचावर येऊ लागला. 'परस्परांवर प्रेम करता आहात ना?' हा प्रश्न तो ओरडून विचारी आणि हजारो श्रोते हुंकार देत. हा प्रश्न त्याने अमेरिकन गायक ओटिस रेडिंग याच्यापासून उचलला होता. 'पावसानंतरच्या रात्रीच्या आकाशाखाली' हे सुरू न होणाऱ्या मोटारीवरचे खट्याळ गाणे आणि 'ट्रान्झिस्टर रेडिओ' ही दोन्ही त्याच वर्षाची. दुसऱ्या गाण्यातील मुलगा वर्ग चुकवून शाळेच्या गच्चीवर पडला आहे आणि दूर देशांची गाणी त्याच्या कानांवर येत आहेत. ज्यांच्या घरी एके काळी रेडिओ सिलोन लागत असे, त्या वडील मंडळींना या गाण्याचा अर्थ माझ्याहून चटकन कळेल.

आता त्या जाहिरातीकडे वळू. २६ एप्रिल १९८६ रोजी सोव्हिएत संघातील चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा स्फोट झाला. हिरोशिमा आणि नागासाकी सोसलेल्या जपानात त्याची धास्ती अधिक बसावी हे स्वाभाविकच होते. कियोशिरोने गाजलेली परदेशी गाणी निवडली आणि त्यांच्या चालींवर स्वतःचे जपानी शब्द रचले, हाच 'कव्हर्स'. एल्विस प्रेस्लीचे 'लव्ह मी टेंडर' हे १९५६ सालचे प्रेमगीत. त्याची चाल मात्र १८६१ सालच्या एका अमेरिकन गाण्याची. त्या हळुवार चालीवर कियोशिरोने किरणोत्सर्गाविषयीचा राग मांडला. मूळ इंग्रजी शब्दांसारखे ऐकू येणारे जपानी शब्द त्याने असे बेमालूम योजले की, आधी हसू यावे आणि मग घशात आवंढा यावा. १९५८ सालच्या 'समरटाइम ब्लूज'मध्ये उन्हाळ्यात समुद्रावर फिरावयास गेलेल्या माणसाला किनाऱ्यावर अणुवीजकेंद्र दिसते. भूकंपाची भीती असतानाही अशी केंद्रे वाढतच आहेत, असे तो गातो.

आता अडचण अशी की, ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीचे एक पालक घराणे म्हणजे तोशिबा. आणि तोशिबा अणुभट्ट्या बांधीत असे. जाहिरातीत कारण दिले नव्हते, तरी ते वाचणाऱ्याला समजले. 'कव्हर्स' ६ ऑगस्टला, म्हणजे हिरोशिमाच्या स्मृतिदिनी, निघावयाचा होता. तो १५ ऑगस्टला, युद्धसमाप्तीच्या दिवशी, किट्टी या दुसऱ्या कंपनीकडून निघाला आणि विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. या वाद्यवृंदाला तो मान मिळाला तो एवढ्या एकदाच.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जपानात तेल जवळजवळ नाही. १९७३ च्या तेलटंचाईने त्या देशाला चांगलाच हादरा दिला होता. अणुवीज हवी म्हणणारे सगळेच दुष्ट नव्हते, आणि आपल्या पैशाने काय छापावे हे ठरविण्याचा अधिकार कंपनीला असतोच. माझा आक्षेप नकाराला नाही. तो नकार स्तुतीच्या पदराआड लपविला, याला आहे. 'हे गाणे आमच्या धंद्याच्या आड येते' असे कंपनीने लिहिले असते, तर वाद झाला असता आणि तो उघड्यावर झाला असता.

पुढच्याच वर्षी कियोशिरोसारखाच दिसणारा, पण स्वतःस 'झेरी' म्हणविणारा एक इसम डोक्यावर हेल्मेट घालून 'टायमर्स' या नव्या वृंदासह अवतरला. एका रेडिओ केंद्राने आपली गाणी वाजविली नाहीत, म्हणून ऑक्टोबर १९८९ मध्ये त्याने दूरचित्रवाणीच्या चालू कार्यक्रमात ठरलेले गाणे बाजूस ठेवून त्या केंद्राचा नाव घेऊन यथेच्छ उद्धार केला. हे सभ्यपणाचे होते असे मी म्हणणार नाही; पण तेथे निदान कोण कोणावर रागावले आहे, हे कळत होते. १९९९ च्या ऑगस्टात राष्ट्रध्वज व राष्ट्रगीताचा कायदा झाला, तेव्हा त्याने 'किमिगायो' हे राष्ट्रगीत रॉकच्या गजरात गायिले. त्याही वेळी मोठ्या कंपनीने संग्रह काढण्याचे नाकारले, आणि तो लहानशा स्वतंत्र कंपनीकडून निघाला.

एवढ्यावरून तो सदा भांडणारा माणूस होता असे कोणी समजू नये. 'बाबांचे गाणे' हे त्याने गायिलेले, इतोई शिगेसातो याच्या शब्दांचे गाणे एका बांधकाम कंपनीच्या जाहिरातीसाठी झाले होते. घरी लोळत पडणारा बाप कामावर असताना कसा निराळा, रुबाबदार दिसतो, असा त्याचा आशय. माझ्या मुलाला मी ते समजावून सांगितले. त्याने माझ्याकडे पाहिले आणि रुबाब कोठे आहे, असे विचारले.

२००६ मध्ये कियोशिरोला घशाचा कर्करोग झाल्याचे जाहीर झाले. १० फेब्रुवारी २००८ रोजी तोक्योच्या बुदोकान सभागृहात तो पुन्हा गायला. परंतु रोग उलटला आणि २ मे २००९ रोजी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. अंत्यदर्शनाला चाळीस हजारांहून अधिक लोक रांगेत उभे होते. कुनिताचीजवळच्या ज्या चढणीवर त्याने १९८१ मध्ये गाणे केले, त्या तामारान चढणीवर चाहते फुले ठेवू लागले.

त्यानंतर दोन वर्षांनी, ११ मार्च २०११ रोजी, भूकंप व त्सुनामी होऊन फुकुशिमाच्या अणुकेंद्रात अनर्थ झाला. तेथील काही भट्ट्या तोशिबाने बांधलेल्या होत्या. लोकांना 'कव्हर्स'ची आठवण झाली. त्याने भविष्य वर्तविले होते असे काही जण म्हणाले; ते बरोबर नाही. गाण्यातला भूकंप तोकाई भागातला. प्रत्यक्ष आला तो ईशान्येस. कियोशिरो ज्योतिषी नव्हता. विचारणे सोपे नव्हते तेव्हा त्याने एक प्रश्न विचारला होता, आणि त्याला उत्तर मिळण्याऐवजी प्रशस्तिपत्र मिळाले होते. आज तोशिबा-ईएमआय या नावाची कंपनी उरलेली नाही; गाणी मात्र ऐकावयास मिळतात.

हा लेख लिहीत असताना एका वृद्ध गृहस्थाच्या अर्जाला नकार कळविण्याचे काम माझ्याकडे आले. 'सहानुभूतिपूर्वक' हा शब्द सवयीने लिहून गेलो होतो. तो खोडला, आणि अर्ज कोणत्या नियमामुळे मान्य होत नाही, ते दोन सरळ वाक्यांत लिहिले. साहेबांनी मसुदा वाचला, क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता सही केली.