ब्लॅकटाऊनची शाळा आणि आपण 'इतर पालक'

मंडळी, वेस्टर्न सिडनीत आपली माणसं किती आहेत ते गणपतीत कळतं. पण ब्लॅकटाऊन हे नाव कुठून आलं, हे फार थोड्यांना माहीत असतं. इथे ॲबोरिजिनल लोकांना दिलेल्या जमिनी होत्या, त्यांच्या मुलांसाठी काढलेली एक शाळा होती, आणि त्यावरून गोरे लोक या भागाला 'ब्लॅक टाऊन' म्हणू लागले. आज लिहायचंय ते याच शाळेपासून पुढे काय झालं त्याबद्दल.

कारण असं की, आपल्या पालकांच्या ग्रुपवर दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचतो. एक, "ॲबोरिजिनल मुलांना शाळेत वेगळी मदत कशाला?" आणि दुसरं, "त्यांचे पालक तर शाळेत फिरकतही नाहीत." दोन्हींचं उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास फार जुना नाही.

गव्हर्नर मॅक्वायरीने 1815 साली पॅरामॅटात 'नेटिव्ह इन्स्टिट्यूशन' सुरू केली. अट अशी की, मूल एकदा शाळेत घातलं की मुलगा 16 चा आणि मुलगी 14 ची होईपर्यंत आईबापांना ते परत नेता येणार नाही. 1823 साली ही संस्था ब्लॅकटाऊनला हलवली. तिथे ती फार वर्षं टिकली नाही.

या शाळेत मारिया नावाची एक दारुग मुलगी होती. 1819 च्या परीक्षेत संस्थेची वीसेक आणि युरोपीय मुलं जवळपास शंभर बसली होती. पहिलं बक्षीस एका ॲबोरिजिनल मुलीने पटकावलं. ती मारियाच होती, असं मानलं जातं. पुढे मारिया लॉक झाल्यावर तिने भावाची जमीन मिळावी म्हणून 1831 साली गव्हर्नरकडे अर्ज केला, आणि 1843 साली ती मिळवली. म्हणजे "या मुलांना शिकायचंच नसतं" हा समज पहिल्याच शाळेत खोटा ठरला होता. प्रश्न बुद्धीचा कधी नव्हताच.

मग दारं कुठे बंद झाली? 1880 साली न्यू साउथ वेल्समध्ये शिक्षण सक्तीचं झालं. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता, त्यामुळे ॲबोरिजिनल मुलंही सरकारी शाळेत येऊ लागली. पण 1883 साली यास गावात गोऱ्या पालकांनी तक्रार केली आणि या मुलांना शाळेबाहेर काढलं गेलं. 1902 साली तर तो नियमच झाला. एखाद्या पालकाने हरकत घेतली की ॲबोरिजिनल मुलांना काढायचं. चौकशी नाही, काही नाही. मग त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा. तिथे बऱ्याचदा शिकवायला प्रशिक्षित शिक्षकही नसायचा. वसाहतीच्या मॅनेजरची बायकोच शिकवायची.

मुख्याध्यापकाला प्रवेश नाकारता येईल अशी तरतूद 1972 पर्यंत पुस्तकात होती. 1972! म्हणजे आज साठीत असलेली जी आजी शाळेच्या गेटबाहेर नातवाची वाट बघत उभी असते, ती पहिलीत गेली तेव्हा हा नियम जिवंत होता.

त्यात भर 1915 च्या दुरुस्तीची. त्यानंतर दुर्लक्ष झाल्याचं कोर्टात सिद्ध न करताही प्रोटेक्शन बोर्ड मूल उचलून नेऊ शकत होतं. मुली कूटामंड्राला, तिथून घरकामाला. मुलगे किंचेलाला. शाळेत घेत नाहीत, आणि मूल घरी दिसलं तर बोर्डाचा माणूस येईल ही भीती. ज्या घराने हे पाहिलंय, त्या घराला "ऑफिसात येऊन भेटा" असा शाळेचा मेसेज आला तर काय वाटत असेल? आपल्याला ते पालकांचं दुर्लक्ष दिसतं. त्यामागे बऱ्याचदा जपून राहायची जुनी सवय असते.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. 1856 साली मुंबई इलाख्यात, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला. सरकारचं म्हणणं काय, तर एकाला घेतलं तर बाकीचे सोडून जातील. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना वेगळं, गोणपाटावर बसावं लागलं. यास आणि धारवाड यांच्यामध्ये समुद्र आहे, पण कारण एकच: "इतर पालकांना चालणार नाही."

गोष्टी बदलल्या, पण आपोआप नाही. 1977 पासून ॲबोरिजिनल समाजाचा स्वतःचा सल्लागार गट शिक्षण खात्याशी बोलतोय. 1982 साली राज्याचं ॲबोरिजिनल शिक्षण धोरण आलं. आज अनेक प्राथमिक शाळांत ॲबोरिजिनल एज्युकेशन ऑफिसर असतात. वर्गात मुलाशेजारी बसणं, घरी फोन करणं, आजीला चहाला बोलावणं, ही त्यांची कामं. कागदावर छोटी दिसतात, पण कुटुंबाला शाळेत ओळखीचा चेहरा त्यामुळेच मिळतो. मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा शिक्षक, मूल आणि घरचे यांनी मिळून करायचा असतो. तो शिक्षकाने एकट्याने भरला तर तो नुसता फॉर्म. घरचे बसले तर शंभर वर्षांनी कुणीतरी त्यांना विचारलं, असं होतं.

म्हणून "वेगळी मदत कशाला" याला माझं उत्तर: ही खिरापत नाही. शाळेनेच तोडलेलं नातं शाळेनेच जोडायचं, त्याचा हा खर्च आहे.

आणि आता आपलं काम. 1902 च्या त्या नियमात ताकद सरकारइतकीच 'इतर पालकां'ची होती. आज या भागात ते इतर पालक आपण आहोत. पी अँड सीच्या बैठकीत आपण बसतो, मत देतो. तिथे ऑफिसरच्या तासांचा किंवा नायडॉक वीकच्या पैशांचा विषय निघाला की हरकतीचा हात आपला नसावा, पाठिंब्याचा असावा. मुलांना मराठी यावी म्हणून आपण शनिवार-रविवार धावतो. मग ज्यांची भाषा याच मातीतली आहे, त्यांच्या मुलांना ती शाळेत ऐकू यावी, याला आपण तरी नाही म्हणू नये.

तुमच्या मुलांच्या शाळेत असे ऑफिसर आहेत का? काय चांगलं चाललंय? कॉमेंटमध्ये लिहा. माहीत नसेल तर सोमवारी ऑफिसात विचारा. विचारायला आपल्याला भीती वाटत नाही, हाही एक फरकच आहे.