सातासमुद्रांपलीकडचे सहाध्यायी

देशाटनाने मनुष्यास चातुर्य येते, ही आपल्याकडील जुनी समजूत. परंतु देशाटन करण्याइतके द्रव्य गाठीस असणारी घरे थोडीच. अशा घरांतील विद्यार्थ्यांसाठी अलीकडे विद्यापीठांनी एक नवा मार्ग काढला आहे. दोन देशांतील दोन वर्गांनी संगणकाच्या पडद्यावर एकमेकांस भेटावे, काही आठवडे एकाच विषयावर मिळून काम करावे आणि त्या निमित्ताने परस्परांचे आचारविचार जाणून घ्यावे, असा हा उपक्रम होय. न्यूयॉर्कच्या राज्य विद्यापीठाने २००६ साली त्यासाठी स्वतंत्र केंद्रच स्थापन केले. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील एखाद्या विद्यार्थ्याने अशा उपक्रमात नाव नोंदविले, तर यातून मुलास काय मिळणार, असा प्रश्न त्याच्या आईवडिलांस साहजिकच पडेल. आमच्या मते त्याच्या जोडीस दुसराही प्रश्न विचारला पाहिजे: मुलगा तेथे काय देणार? या दोन प्रश्नांचा संबंध किती निकटचा आहे, हे इतिहासच सांगतो.

या पट्ट्यास परकीयांचे येणे नवे नाही. १६६० साली शाएस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गास वेढा घातला, तेव्हा फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर लोकांनिशी सुमारे दोन महिने किल्ला लढविला. ते येणे तलवारीचे होते. तीन शतकांनंतर आलेले पाहुणे विद्या घेऊन आले. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. येथवर आपण केवळ घेणारे होतो. परंतु त्याच कारखान्यातील संशोधकांनी थोड्याच वर्षांत बुरशीजन्य रोगांवर हॅमायसिन नावाचे नवे औषध शोधून काढले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात ‘पिंप्रिना’ हा शब्द आहे. शिष्याने गुरुदक्षिणा दिली ती अशी!

पुढे २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला आणि त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझचे कामही पिंपरीहून चाकणला आले. येथल्या तरुणांना जर्मन भाषा शिकाविशी वाटते ती या शेजारामुळेच. पोटासाठी भाषा शिकण्यात गैर काहीच नाही. मात्र मालकाची भाषा शिकणे निराळे आणि परक्या माणसाशी बरोबरीच्या नात्याने बोलणे निराळे.

ही बरोबरी कशी साधते याचे उत्तम उदाहरण कारखान्यांत नव्हे, तर एका मराठी दांपत्याच्या घरात सापडते. पत्नीच्या शिक्षणाविषयी गोपाळराव जोशी यांनी लिहिलेले पत्र अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापले गेले. १८८० साली दंतवैद्याकडे पाळीची वाट पाहात बसलेल्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंनी ते सहज वाचले आणि ओळखदेख नसता स्वतः होऊन पत्र धाडले. आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. पुढील सुमारे तीन वर्षे दोघींनी एकमेकींस पाहिले नव्हते. पत्रे मात्र चालू होती. त्यांत धर्म होता, चालीरीती होत्या, स्त्रियांची दुःखे होती. आनंदीबाईंची प्रकृती ढासळली तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधेही पाठविली.

या मैत्रीत आनंदीबाईंनी आपले स्वत्व सोडले नाही, तसे आपल्या समाजाचे उणेही झाकून ठेवले नाही. फेब्रुवारी १८८३ मध्ये सेरामपूर येथील भाषणात रस्त्यावर लोकांनी केलेली आपली कुचेष्टा त्यांनी सांगितली, हिंदू स्त्री-डॉक्टरांची गरज सांगितली, आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असेही बजावले. ७ एप्रिलला त्यांनी कलकत्ता सोडले; ४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. शिकावयास गेलेल्या मुलीने आपल्याकडील विद्या गुरूंपुढे ठेवली, ही गोष्ट आम्हांस पदवीइतकीच मोलाची वाटते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आली. पत्रांतून जडलेले नाते याहून दूर ते कोठे जाणार?

आज पत्राची जागा पडद्याने घेतली. पण मर्म तेच राहिले. १९९७ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ‘कल्चुरा’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात अमेरिकन व फ्रेंच विद्यार्थी एकाच शब्दावर आपापल्या मातृभाषेत लिहीत आणि मग ताडून पाहात. ‘व्यक्तिवाद’ म्हणताच अमेरिकन विद्यार्थ्यांस स्वातंत्र्य आठवे, फ्रेंचांस स्वार्थ. शब्द एक, जग दोन! आपली भाषा सोडून दिली असती तर हा भेद कोणाच्याही ध्यानी आला नसता.

तात्पर्य, आकुर्डी-निगडीच्या विद्यार्थ्याने पडद्यापुढे बसण्यापूर्वी आपले गाव एकदा नीट पाहून घ्यावे. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीस मुक्काम करते. एवढी माणसे पायी का चालतात, असे परदेशातील सोबत्याने विचारल्यास त्यास काय सांगाल? कारखान्यांच्या जागी पूर्वी कोणाची शेते होती, असे विचारल्यास काय सांगाल? उत्तर ठाऊक नसेल तर घरातील आजोबांस विचारावे. परक्याच्या प्रश्नाने का होईना, मुलगा आजोबांजवळ जाऊन बसला, तर तेवढ्यानेही त्या उपक्रमाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.