भाकितातला राजपुत्र आणि भात्यापुढचा लोहार

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून आपण कारीट पायाखाली चिरडतो, तेव्हा एका जुलमी राजाचा अंत साजरा करीत असतो. कंसाची गोष्ट तर आपल्या घराघरांतून मुलांना पाळण्यापासून ठाऊक असते. आकाशवाणी होते, राजा घाबरतो, एका मातेचे मूल रातोरात दूर नेले जाते, ते गाईगुरांत वाढते आणि पुढे येऊन त्या राजाला खाली ओढते. या गोष्टीची एक चुलत बहीण इराणात आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर तिची ओळख वाचकांना करून द्यावी, असे बरेच दिवस माझ्या मनात होते. नुसती करमणूक म्हणून नव्हे. भाकीत खरे कोण करतो, असा एक प्रश्न या गोष्टीत दडलेला आहे, आणि त्याचे तिने दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते.

ही गोष्ट फिरदौसीच्या शाहनाम्यात आहे. तूस गावच्या या कवीने सुमारे तीस वर्षे खपून 1010 साली हे सुमारे पन्नास हजार बेतांचे महाकाव्य पुरे केले, आणि ते अर्पण केले गझनीच्या सुलतान महमुदाला. 1026 साली सोमनाथ लुटणारा तोच हा महमूद. अशा सत्ताधीशापुढे जुलमी राजाच्या पतनाची कथा ठेवायची, म्हणजे त्या कवीची छाती केवढी असेल!

कथा अशी. जमशेद राजा मोठा पराक्रमी, परंतु पुढे त्याला गर्व झाला आणि त्याचे राजतेज त्याला सोडून गेले. ही संधी साधून झोहाक गादीवर बसला. या झोहाकाला सैतानाने आधीच हाताशी धरले होते. त्याने आधी बापाचा घात करविला, मग आचारी होऊन झोहाकाला मांसाची चटक लावली, आणि बक्षीस म्हणून फक्त राजाच्या दोन्ही खांद्यांचे चुंबन मागितले. चुंबन घेतले त्या जागी दोन काळे नाग उगवले. कापले तरी पुन्हा उगवत. मग सैतान वैद्य होऊन आला आणि म्हणाला, यांना रोज माणसाचा मेंदू खाऊ घाला. तेव्हापासून राजवाड्याच्या मुदपाकखान्यात दररोज दोन तरुण मारले जाऊ लागले. जुलमाचे याहून नेमके चित्र माझ्या वाचनात नाही. जुलमी सत्तेला तरुणांची डोकी लागतात, आणि तिची भूक उद्याही तेवढीच असते.

झोहाकाची सत्ता संपायला चाळीस वर्षे उरली असताना त्याला स्वप्न पडले. तीन वीर चालून आले, त्यांतल्या सर्वांत धाकट्याने गाईच्या मस्तकाची गदा त्याच्या डोक्यात घातली आणि त्याला दोरांनी बांधून दमावंद पर्वताकडे फरफटत नेले. राजा किंचाळत उठला. त्याने विद्वानांना बोलावून अर्थ विचारला. तीन दिवस कोणी तोंड उघडीना. चौथ्या दिवशी एकाने धीर करून सांगितले की, फरेदून नावाचा मुलगा जन्माला येईल आणि तो तुझे राज्य घेईल. राजाने विचारले, त्याचे माझे वैर ते काय? उत्तर आले की, तू त्याच्या बापाला मारशील, आणि त्याला दूध पाजणाऱ्या गाईलाही मारशील.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. ही दोन्ही पापे तोवर घडलेलीच नव्हती! भाकीत ऐकून झोहाकाने स्वस्थ बसायचे ठरविले असते, तर वैराला कारणच उरले नसते. पण भ्यालेल्या राजाला स्वस्थ बसवत नाही. त्याने शोध मांडला, फरेदूनच्या बापाला, आबतीनला, पकडून मारले, आणि पुढे ती गाईही मारली. कंसाने तरी दुसरे काय केले? देवकीची सहा बालके त्याने मारली नसती, तर गोकुळातल्या मुलाला मथुरेस यायचे कारण काय होते? भाकितातला अर्धा भाग असा स्वतः जुलमी माणूसच आपल्या हाताने पुरा करतो.

उरलेला अर्धा भाग कोण पुरा करतो? आपण चटकन म्हणू, फरेदून. परंतु फिरदौसीने त्याच्या आधी इतर माणसांची एक रांगच उभी केली आहे.

पहिली त्याची आई, फरानक. नवऱ्याचा घात झाल्यावर ती मूल पोटाशी धरून रानात पळाली आणि बरमाया नावाच्या अद्भुत गाईच्या राखणदाराकडे तिने ते सोपविले. तीन वर्षे ते त्या गाईच्या दुधावर वाढले. संकटाचा वास येताच तिने त्याला उचलून अलबुर्ज पर्वतावर एका साधुपुरुषाकडे नेले. दुसरे दोघे, अर्मायल आणि गर्मायल. हे सज्जन मुद्दाम राजाचे आचारी होऊन मुदपाकखान्यात शिरले. दोघांनाही वाचविणे शक्य नव्हते, म्हणून ते एकाला वाचवीत आणि त्याच्या जागी मेंढीचा मेंदू मिसळीत. अशा रीतीने महिन्याला तीस जीव वाचत. त्यांना शेळ्यामेंढ्या देऊन ते रानात पाठवीत. कुर्द लोक याच वाचलेल्यांचे वंशज, असे फिरदौसी सांगतो. रोज एक मेलेला पाहून रोज एक वाचवायचा, हे धैर्य रणांगणावरच्या धैर्याहून कमी आहे काय?

आणि तिसरा, कावे लोहार. भीतीने पोखरलेल्या झोहाकाने एक दिवस दरबार भरविला आणि एक लेख तयार करविला की, या राजाने चांगल्याखेरीज दुसरे काही पेरलेले नाही. त्यावर सर्व बड्या लोकांनी साक्षी घालायच्या होत्या. या लेखाला फिरदौसीने वापरलेला शब्द आहे महजर! आपल्या पेशवाईच्या दप्तरांतून हाच शब्द पानोपानी भेटतो. गोतसभेचा निवाडा लिहून त्यावर पाटील नांगराची निशाणी करी, सुतार-लोहार आपापल्या हत्याराची निशाणी करीत, तो कागद म्हणजे महजर. खऱ्याला साक्ष देण्याचा हा कागद. झोहाकाने त्यावर खोटे लिहविले. तरणे-म्हातारे सगळे भीतीने सह्या करीत असतानाच दाराशी आक्रोश झाला. कावे न्याय मागत होता. प्रचलित पाठाप्रमाणे त्याच्या अठरा मुलांपैकी एकच उरला होता, आणि आता त्याचीही पाळी आली होती. राजाने मोठेपणा दाखवीत तो मुलगा सोडून दिला आणि म्हटले, आता तूही साक्ष घाल.

मुलगा मिळाला होता. एक सही केली असती, तर बापलेक सुखाने घरी गेले असते. कावेने तो महजर वाचला, सह्या करणाऱ्या म्हाताऱ्यांना सैतानाचे पाय धरणारे म्हणून फटकारले, कागद टराटरा फाडून पायाखाली तुडविला आणि मुलाला घेऊन तो बाहेर पडला. भट्टीपुढे काम करताना ठिणग्या अंगावर येऊ नयेत म्हणून लोहार बांधतात ते कातडे त्याने भाल्याच्या टोकाला लावले. बाजारात ते पाहून लोक त्याच्यामागे निघाले. तो जमाव घेऊन कावे फरेदूनकडे गेला. सोळा वर्षांचा होऊन पर्वतावरून उतरलेल्या आणि आईच्या तोंडून आपले कूळ समजलेल्या त्या तरुणाला फौज मिळाली ती अशी. त्याची गोमुखी गदाही लोहारांनीच घडविली. मग नदी ओलांडून त्याने राजवाडा घेतला आणि झोहाकाला दमावंदच्या गुहेत जखडले.

आता थोडा इतिहास. ही कथा फार जुनी आहे. अवेस्तात थ्रएतओन हा वीर तीन तोंडांच्या, सहा डोळ्यांच्या अझि दहाक नामक सर्पाला मारतो. ऋग्वेदात त्रित आप्त्य तीन मस्तकांच्या, सहा डोळ्यांच्या दैत्याला मारतो. अझि म्हणजे आपला अहि. फिरदौसीच्या काळापर्यंत त्या सर्पाचा माणूस झाला, पण खांद्यावरचे दोन नाग धरले की मस्तके पुन्हा तीनच भरतात! मात्र एक मोठा फरक आहे. अवेस्तात लोहार नाहीच. तो नंतर आला. तबरी या इतिहासकाराने (मृत्यू 923) त्याची हकीकत फिरदौसीच्या आधी नोंदलेली आहे. सासानी राजांच्या रत्नजडित ध्वजाला दिरफ्श-ए-कावियानी म्हणत. डेन्मार्कचे पंडित आर्थर क्रिस्टेनसेन यांनी 1919 साली असे मांडले की, हे नाव मुळात 'कवि' या शब्दावरून आले. आपल्याकडे कवि म्हणजे द्रष्टा. प्राचीन इराणात त्याचा अर्थ राजा असा झाला. म्हणजे तो राजध्वजच होता. पुढे नावाचा मूळ अर्थ विसरला आणि लोहाराची कथा त्यास येऊन चिकटली.

हे मत ग्राह्य धरले तर मला लोहाराचे महत्त्व कमी झालेसे वाटत नाही, उलट वाढते. राजाचा ध्वज लोकांनी लोहाराच्या कातड्याचा करून टाकला! देवाने नेमलेला वीर त्यांच्याजवळ पूर्वीपासून होता. तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही, म्हणून त्यांनी त्याच्या आधी आपल्यातला एक माणूस उभा केला. इ. स. 636च्या सुमारास कादिसियाच्या लढाईत तो ध्वज अरबांच्या हाती पडला आणि नष्ट झाला. पण 1916 साली इराणी देशभक्तांनी बर्लिनमध्ये नियतकालिक काढले, त्याला नाव दिले ते 'कावे', आणि कुर्द लोक नवरोजच्या होळ्या पेटवितात तेव्हा स्मरण होते तेही याच लोहाराचे. आपल्या पारशी शेजाऱ्यांच्या घरी तर फरेदून आणि जमशेद ही नावे अजून नांदत आहेत.

फिरदौसीने झोहाकाला मारलेले नाही, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. फरेदून गदा उचलतो, तेव्हा देवदूत त्याला थांबवितो आणि केवळ बांधून ठेवायला सांगतो. पारशी धर्मग्रंथांच्या मते काळाच्या अंती तो बेड्या तोडून पुन्हा सुटणार आहे. विजयी फरेदूनलाही सुख लाभले नाही. राज्याच्या वाटणीपायी थोरल्या दोघा मुलांनी धाकट्या एरजला मारले. जुलमी राजा गेला म्हणून घरातला लोभ जात नाही, हे सांगायला कवी कचरलेला नाही.

फरेदून गादीवर बसला तो दिवस इराणात मेहेरगान म्हणून साजरा होऊ लागला, असे परंपरा सांगते. हा सण शरद ऋतूतला, म्हणजे आपल्या दिवाळीच्याच आगेमागे येणारा. तेव्हा यंदा कारीट चिरडताना कृष्णाचे स्मरण अवश्य करावे. पण मुलांनी गोष्टीचा हट्ट धरला, तर त्यांना त्या लोहाराचीही सांगावी. मुलगा परत मिळाला असतानाही त्याने खोट्या कागदावर आपली निशाणी केली नाही, एवढे मात्र सांगायला विसरू नये.