थांबणे आणि वळणे

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात 46 जवान गमावले. तेथे ही स्मृती शिलालेखात आहे. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात 1994 पासून युद्धस्मृती पोलादाच्या रूपाने उभी आहे. पोलाद जपायचे म्हणजे केवळ रंग द्यायचा काय?

दुसऱ्या महायुद्धातील ब्रेन कॅरिअर हे साखळीपट्ट्यांवर धावणारे वाहन पाहावे. सुकाणूचाक किंचित फिरवले की पट्टे वाकतात. अधिक फिरवले की एका बाजूचा ब्रेक लागतो आणि वाहन तिकडे वळते. म्हणजे ब्रेक केवळ थांबवत नाही, दिशाही देतो. गंजलेला ड्रम आणि जाम झालेला ॲक्सल तसाच ठेवला, तर मूळ धातू उरतो, पण वळण्याची रीत हरवते. नवा भाग बसवला, तर उलट घडते. जुन्या पोथीच्या संपादकापुढील पेच याहून वेगळा नसतो. माझ्या मते नवा भाग जरूर बसवावा. मात्र जुना जपावा आणि बदलाची नोंद ठेवावी.