नव्वद दिवसांचा दाखला

लेट्स एन्क्रिप्टची गोष्ट सांगताना बहुतेक जण 'फुकट' या शब्दापाशी थांबतात. वेबसाइट 'एचटीटीपीएस'वर चालवायला लागणारं प्रमाणपत्र पूर्वी विकत घ्यावं लागे, ते २०१५पासून फुकट मिळू लागलं, झालं. हे खरंच आहे, पण मला त्यातला फुकटपणा दुय्यम वाटतो. खरी उलथापालथ झाली ती प्रमाणपत्राच्या मुदतीत, आणि ते देताना विचारायच्या प्रश्नात.

नेटस्केपने १९९५मध्ये एसएसएल बाजारात आणलं, तेव्हा अडचण अशी होती की संभाषण सांकेतिक केलं तरी पलीकडे नक्की कोण आहे हे कळत नाही. चोराशीही गुप्तपणे बोलता येतंच की! म्हणून तिसऱ्याची साक्ष आली. त्याच वर्षी स्थापन झालेली व्हेरिसाइन ही अशा साक्षीदार कंपन्यांपैकी एक. 'तुम्ही कोण?' असं ती विचारणार, कागदपत्रं बघणार, सही करणार. आणि ब्राउझर आपल्याजवळच्या यादीतल्या साक्षीदारांवर विश्वास ठेवणार.

पुढच्या दशकात मी एका छोट्या कंपनीचे सर्व्हर सांभाळत असे, तेव्हाही हा कारभार कागदीच होता. सर्व्हरवर किल्ली तयार करायची, विनंतीचा मजकूर फॉर्ममध्ये चिकटवायचा, अकाउंट्सवाल्यांकडून पैसे मंजूर करून घ्यायचे, नोंदणीचा दाखला पाठवायचा, मग खातरजमेचा फोन येणार. मिळालेली फाइल अपाचेत घालून सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. हे वर्षा-दोन वर्षांतून एकदाच होई, आणि म्हणूनच ते कुणाच्या लक्षात राहत नसे. मुदत संपल्याची आठवण करून देणारी ईमेल हमखास नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जाई.

यात नुसती गैरसोय असती तर कुणी एवढं मनावर घेतलं नसतं. पण २०११च्या उन्हाळ्यात नेदरलँड्समधली डिजिनोटार ही साक्षीदार कंपनी फोडली गेली. तिच्या नावाने गूगलचं खोटं प्रमाणपत्र निघालं आणि त्याच्या आधारे इराणमधल्या जीमेल वापरणाऱ्यांवर पाळत ठेवली गेली. सुमारे तीन लाख आयपी पत्त्यांना त्याची झळ लागली. कंपनीचं त्याच सप्टेंबरात दिवाळं वाजलं. आपणही यातून सुटलो नाही. जुलै २०१४मध्ये गूगलच्या काही डोमेनांसाठी परस्पर दिलेली प्रमाणपत्रं सापडली, ती आपल्या एनआयसीची होती. तिथली प्रमाणपत्र देण्याची यंत्रणाच फोडली गेल्याचं नंतर सांगण्यात आलं.

खोटं प्रमाणपत्र रद्द करता येत नाही का? कागदावर येतं. पण ते रद्द झालंय का हे ब्राउझरने साक्षीदाराला विचारायचं असतं, आणि उत्तर आलं नाही तर बहुतेक ब्राउझर मुकाट्याने पुढे जात. म्हणजे वाईट प्रमाणपत्र मरायचं तर मुदत संपूनच मरणार. मग मुदतच कमी करा! पण दोन वर्षांतून एकदा जे जमत नाही, ते दर तीन महिन्यांनी हाताने कोण करणार?

हे काम यंत्रावर सोपवण्याचा विचार दोन ठिकाणी चालू होता. मोझिलात जॉश आस आणि एरिक रेस्कोर्ला, तर दुसरीकडे इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे पीटर एकर्सली आणि मिशिगन विद्यापीठाचे ॲलेक्स हाल्डरमन. ते एकत्र आले, २०१३मध्ये ना-नफा संस्था नोंदवली आणि १८ नोव्हेंबर २०१४ला घोषणा केली. (आपल्याकडे पेन्शनरांचा हयातीचा दाखला डिजिटल करणारी जीवन प्रमाण योजना त्याच महिन्यात, १० तारखेला सुरू झाली. योगायोगच, पण दोन्हींत दाखला मुदतीचाच.)

यंत्राला लेटरहेड वाचता येत नाही, म्हणून प्रश्न आकुंचित करावा लागला. 'तुम्ही कोण?' याऐवजी 'हे नाव तुमच्या ताब्यात आहे का?' लेट्स एन्क्रिप्ट एक शब्द देतं. सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमने तो साइटच्या ठरावीक पत्त्यावर फाइलमध्ये ठेवायचा किंवा डीएनएसच्या नोंदीत लिहायचा. बाहेरून तो दिसला की प्रमाणपत्र मिळालं. एवढी त्रोटक तपासणी ईमेलने आधीही होत असे. पण आता त्यात माणूसच उरला नाही. या देवाणघेवाणीचं नाव ॲक्मी, मार्च २०१९मध्ये ती आरएफसी ८५५५ म्हणून प्रमाणित झाली. मुदत नव्वद दिवस. सर्टबॉटसारखा प्रोग्रॅम क्रॉनमधून रोज डोकावतो आणि तीस दिवस उरले की नवं प्रमाणपत्र आणतो.

या छोट्या मुदतीची परीक्षा २०२०मध्ये झाली. २७ फेब्रुवारीला अब्जावं प्रमाणपत्र दिल्याचा आनंद जाहीर झाला आणि दोनच दिवसांनी तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये दोष सापडला. तीस लाखांहून अधिक प्रमाणपत्रं नियमाने पाच दिवसांत रद्द करायला हवी होती. सतरा लाखांवर झालीही. उरलेली रद्द केली असती तर चालू साइट बंद पडल्या असत्या, म्हणून मुदतीपर्यंत ती तशीच ठेवली गेली. नव्वद दिवसांत ती आपोआप संपणारच होती. निर्णय नियमाबाहेरचा होता, पण मला तो शहाणपणाचा वाटतो.

प्रश्न आकुंचित करण्याची किंमत मात्र वापरणाऱ्यांनी मोजली. आपल्या बँका वर्षानुवर्षं ग्राहकांना 'कुलूप दिसतंय का ते बघा' असं शिकवत होत्या. कुलूप फक्त पाकीट बंद असल्याचं सांगतं, पाठवणारा सज्जन असल्याचं नाही. तोतया साइटनाही ते दोन मिनिटांत मिळू लागलं. शेवटी सप्टेंबर २०२३मध्ये क्रोमने पत्त्याशेजारचं कुलूप काढूनच टाकलं. ते आधीच काढायला हवं होतं. ज्यांची फसवणूक झाली त्यांना ॲक्मीचं तत्त्वज्ञान समजावून काय उपयोग?

मुदत आणखी घटते आहे. ब्राउझर आणि प्रमाणपत्र कंपन्यांच्या मंचाने एप्रिल २०२५मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १५ मार्च २०२६पासून कमाल २०० दिवस, पुढच्या वर्षी १०० आणि २०२९पासून ४७. त्यामुळे विकतची प्रमाणपत्रं घेणाऱ्यांनाही आता यंत्राचाच आधार घ्यावा लागेल. आणि मुदत संपत आल्याची जी ईमेल लेट्स एन्क्रिप्ट पाठवत असे, ती जून २०२५पासून बंद झाली आहे. क्रॉनमधलं काम कुठल्याशा अपडेटनंतर गुपचूप बंद पडलं, तर ते ज्याचं त्याने पाहायचं.