टू पीपल्स बे : पक्ष्यासाठी राखलेलं रान

शिशुधानी प्राणी शिकवताना कांगारू मी भराभर संपवत असे, पण गिल्बर्टच्या पोटोरूला तास पुरायचा नाही. कारण त्याच्याबरोबर एका जागेचा इतिहासही सांगावा लागतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, अल्बनीच्या आसपास, १८४० मध्ये जॉन गिल्बर्ट पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्डसाठी प्राण्यांचे नमुने गोळा करत होता. जेमतेम किलोभराचा, लांब नाकाडाचा हा प्राणी त्याला तिथेच मिळाला. स्थानिक आदिवासींना तो शिकारीत भरपूर सापडे. गूल्डने त्याला गिल्बर्टचं नाव दिलं. पाच वर्षांनी क्वीन्सलंडच्या मोहिमेत गिल्बर्ट मारला गेला. १८७० च्या दशकानंतर पोटोरूही दिसेनासा झाला आणि नामशेष ठरला.

गिल्बर्टनेच पहिल्यांदा मिळवलेला नॉइझी स्क्रबबर्ड हा पक्षीही असाच हरवला होता. १९६१ मध्ये अल्बनीतले शिक्षक हार्ली वेब्स्टर यांना तो गावाजवळच्याच टू पीपल्स बेच्या झुडपांत सापडला. तिथे नवं गाव वसवायचं घाटत होतं. निसर्गप्रेमींनी विरोध केला, प्रिन्स फिलिप यांनीही शब्द टाकला. गावाचा बेत बारगळला आणि १९६७ मध्ये ते रान राखीव झालं.

१९९४ मध्ये त्याच रानात, माउंट गार्डनरवर, एलिझाबेथ सिंक्लेअर या विद्यार्थिनीने क्वोका हे छोटे शिशुधानी प्राणी पकडायला पिंजरे लावले. त्यात आला पोटोरू! शंभराहून जास्त वर्षं तो त्या झुडपांत टिकून होता. उरले होते मात्र तीस-चाळीसच. जमिनीखालची बुरशी हेच त्याचं जवळजवळ सगळं अन्न. ती उकरून खाताना तो तिचे बीजाणू विष्ठेवाटे पसरवतो आणि त्याच बुरशीमुळे झाडांच्या मुळांना पोषण मिळतं.

सगळे एकाच डोंगरावर राहणं धोक्याचं, म्हणून २००५ पासून काही पोटोरू कोल्हे-मांजरं नसलेल्या बाल्ड बेटावर नेले. २०१५ मध्ये वीज पडून वणवा लागला, माउंट गार्डनरवरचा बहुतेक अधिवास जळाला. बेटावरचे सुखरूप राहिले.

रानाची किंमत आपण तिथल्या प्राण्यांच्या यादीवरून ठरवतो. १९६७ मध्ये रान राखलं, तेव्हा त्या यादीत पोटोरू नव्हता. गाव वसलं असतं, तर तो होता हेही कुणाला कळलं नसतं. म्हणून विद्यार्थ्यांना सांगत आले तेच वाचकांनाही सांगते : यादी तोकडी आहे एवढ्यावरून कुठलंही रान मोडीत काढू नका.