बालसम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन

इसवी सन ३७५ च्या नोव्हेंबर महिन्यात डॅन्यूब नदीकाठच्या ब्रिगेटिओ येथे रोमन सम्राट पहिला व्हॅलेंटिनियन क्वाडी जमातीच्या वकिलांवर संतापून बोलत असताना एकाएकी कोसळला आणि गतप्राण झाला. त्याचा थोरला पुत्र ग्रेशन आधीच सम्राटपदी होता. परंतु तो दूर ट्रीअर येथे. डॅन्यूबवरील सेनेने आपल्यातलाच एखादा सरदार सिंहासनावर बसवू नये, म्हणून मेरोबाउडीस प्रभृती सेनानींनी तातडीने एक तोड काढली. शंभर मैलांवरील एका वाड्यात जस्टिना राणीजवळ तिचा चार वर्षांचा मुलगा होता. त्याला छावणीत आणण्यात आले आणि २२ नोव्हेंबर रोजी, आजच्या बुडापेस्टच्या परिसरातील आक्विंकम येथे, सम्राट म्हणून त्याचा जयघोष झाला. हाच दुसरा व्हॅलेंटिनियन होय.

ग्रेशनची संमती कोणी विचारली नव्हती. तथापि त्याने धाकट्या सावत्र भावाचा स्वीकार केला व त्याला ममतेने वागवले. पश्चिमेचा खरा कारभार मात्र ग्रेशनकडेच राहिला. ३८३ साली ब्रिटनमधील सेनेने मॅग्नस मॅक्सिमस याला सम्राट केले, आणि ग्रेशन लिआँ येथे मारला गेला. बारा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला इटली, आफ्रिका आणि इलिरिकमचा काही भाग आला. आल्प्सपलीकडे भावाच्या वधाला कारण झालेला मॅक्सिमस राज्य करू लागला.

राजधानी आता मिलान होती. तेथे राजमाता जस्टिना आणि धर्माध्यक्ष अँब्रोझ ही दोन प्रबळ माणसे समोरासमोर उभी होती. ३८४ साली रोमचा नगराधिपती सिमॅकस याने सीनेटच्या सभागृहातील विजयदेवतेची वेदी पूर्ववत स्थापन करावी अशी विनंती केली. प्राचीन धर्माची ती कळकळीची विनवणी होती. अँब्रोझने विरोध केला, आणि दरबाराने विनंती अमान्य केली. पुढे जस्टिनाने आपल्या एरियन पंथासाठी मिलानमधील एक चर्च मागितले, तेव्हा त्याच अँब्रोझने ते देण्याचे साफ नाकारले. ३८६ च्या वसंतात सैनिकांनी चर्चला वेढा दिला. परंतु लोक आत ठाण मांडून बसले, आणि अखेर माघार दरबाराला घ्यावी लागली. सम्राटाची आज्ञा त्याच्याच राजधानीत चालत नाही, हे साऱ्या जगाला दिसले.

३८७ साली मॅक्सिमस इटलीत उतरला. जस्टिना मुलांना घेऊन समुद्रमार्गे थेसलोनिका येथे पूर्वेचा सम्राट थिओडोसियस याच्या आश्रयाला गेली. थिओडोसियसने तिची कन्या गॅला हिच्याशी विवाह केला व ३८८ साली मॅक्सिमसचा पराभव करून त्याचा अंत घडवला. व्हॅलेंटिनियनला राज्य परत मिळाले. परंतु ते नावाचे. थिओडोसियस स्वतः काही वर्षे इटलीत राहिला, आणि तरुण सम्राटाची रवानगी गॉलमधील व्हिएन येथे झाली. बरोबर होता फ्रँक वंशाचा सेनापती आर्बोगास्ट. सेना त्याची, अधिकारी त्याचे. सम्राट राजवाड्यात जणू कैदी.

हा तरुण मात्र निर्बुद्ध नव्हता. खेळ आणि शिकार यांचा नाद असल्याची टीका कानावर येताच त्याने दोन्ही सोडल्याचे अँब्रोझ सांगतो. एके दिवशी धैर्य एकवटून त्याने आर्बोगास्टच्या हाती बडतर्फीचा हुकूम दिला. सेनापतीने तो वाचला, हे पद आपण दिलेले नाही व आपल्याला काढूनही घेता येणार नाही, असे बजावले, आणि कागद फाडून टाकला, असे इतिहासकार झोसिमस लिहितो. १५ मे ३९२ रोजी व्हॅलेंटिनियन गळफासाने मृत झालेला आढळला. वयाची एकवीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. ती आत्महत्या की वध, याविषयी प्राचीन लेखकांतच मतभेद आहेत.

बाप्तिस्मा देण्यासाठी त्याने अँब्रोझला बोलावणे धाडले होते. अँब्रोझ वाटेत असतानाच मृत्यूची वार्ता आली. मिलान येथील अंत्यविधीत, ज्याच्या घराण्याशी एकेकाळी झगडा केला त्याच्याच बहिणींचे सांत्वन अँब्रोझने केले: ज्याने मनापासून बाप्तिस्म्याची इच्छा केली, तो त्याच्या कृपेला मुकला नाही.

आर्बोगास्ट स्वतः सिंहासनावर बसला नाही. परकीय वंशाच्या माणसाला ते शक्य नव्हते. त्याने युजीनियस नावाच्या एका विद्वानास सम्राट केले, आणि ३९४ साली थिओडोसियसने फ्रिजिडस नदीकाठी दोघांचाही निकाल लावला. पश्चिमेतील सेनानी आणि त्यांचे नामधारी सम्राट ही परंपरा मात्र संपली नाही. पुढे सुमारे ऐंशी वर्षांनी तिनेच पश्चिम साम्राज्याचा शेवट पाहिला. चार वर्षांच्या मुलाला ढालीसारखे पुढे करून सेनानींनी एक संकट टाळले. त्या मुलाला स्वतःसाठी ढाल कधीच मिळाली नाही.